तीनदा, थांबून थांबून

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी हुबळीत केशवापुरातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, मी एक जुनी मशीन सुरू केली. खरी मशीन धारवाडच्या कॉलेजातून कधीच भंगारात गेली आहे. कपाटाएवढी होती, हलवायला सहा माणसं लागली होती. टेबलावर होता तो माझा लॅपटॉप आणि त्यात एक सिम्युलेटर, म्हणजे त्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. तिचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, टेप, सगळं तो आतल्या आत उभं करतो. त्यावर त्या काळचं युनिक्स घातलं की त्याला कळतही नाही की आपण खऱ्या लोखंडावर चालत नाही. ते पूर्वीच्याच क्रमाने, पूर्वीचेच संदेश देत उठतं.

हे जमायला मला चार रविवार लागले. पाचव्या रविवारी काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ आली, तिच्यापुढे चौकोन लुकलुकायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उठली बघ."

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, कोण उठलं? कुणी नाही म्हणालो. ते शब्द माझे नव्हतेच. अक्कांचे होते.

अक्का त्या कॉलेजातल्या आमच्या मशीन रूमच्या मुख्य ऑपरेटर. मी चोवीस वर्षांचा, हंगामी, त्यांच्या हाताखाली. त्या चाळिशीच्या, कायम नोकरीतल्या. रोज अळणावरहून पॅसेंजरने धारवाडला यायच्या. यजमान लाकडाच्या वखारीत कारकून होते. घरी सासू होती आणि तिच्या गोष्टी आम्हाला रोज ऐकायला मिळायच्या. अक्का मला 'तम्मा' म्हणायच्या. कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं. मला बहीण नाही. त्यामुळे ती हाक मला फार आवडायची, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आमच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. आत एसीचा गारवा, स्टॅबिलायझरची घरघर, तापलेल्या धुळीचा वास. सकाळी मशीन सुरू केली की डिस्क वेग घेईपर्यंत अक्का तिच्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या. पडद्यावर लॉगिन आलं की म्हणायच्या, उठली बघ. जणू पाळण्यातलं बाळ उठलंय. मग दिवसभर आम्ही परीक्षेचे निकाल काढायचो आणि दुपारच्या मोकळ्या वेळात अक्का ग्रंथालयाची कार्डं टाईप करायच्या. कन्नड, मराठी, इंग्रजी सगळी पुस्तकं. टर्मिनलवर देवनागरी नव्हती, कन्नडही नव्हती. प्रत्येक नाव त्या रोमन अक्षरांत बसवायच्या आणि 'ळ' कसा लिहायचा यावर माझ्याशी वाद घालायच्या. लाकडी खणातली कार्डं पिशवीतून आणायच्या, संपली की परत नेऊन लावायच्या. हे काम सव्वा वर्ष चाललं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्राचार्यांकडून परवानगी त्यांनीच मिळवली होती.

मशीन बंद करण्याची त्यांची एक पद्धत होती. युनिक्समध्ये सिंक नावाची आज्ञा आहे. मेमरीत साठलेलं सगळं डिस्कवर लिहून टाक, एवढाच तिचा अर्थ. अक्का ती तीनदा द्यायच्या. पहिल्यांदा देऊन झाली की कीबोर्डवर कापड घालायच्या. ते उचलून दुसऱ्यांदा द्यायच्या आणि उठून प्रिंटर बंद करून यायच्या. तिसऱ्यांदा दिली की लॉगबुक उघडून वेळ लिहायच्या, सही करायच्या, मग लाल स्विच खाली.

मला हे हास्यास्पद वाटायचं. मी मॅन्युअल वाचलेला माणूस. सिंक एकदा दिली तरी पुरते, असं मी त्यांना सांगायचो. अक्कांचं आचमन, असं मी त्या प्रकाराला नावही ठेवलं होतं.

एकदा त्या म्हणाल्या, "डिस्क माझ्या सासूसारखी आहे तम्मा. हो म्हणते लगेच. उठते सावकाश."

आम्ही दोघं हसलो होतो. त्यात मॅन्युअलमधल्या त्या पानापेक्षा जास्त माहिती होती, हे कळायला मला बराच काळ लागला. आज्ञा लगेच परत येते, 'झालं' असं दाखवते, पण डिस्कवर लिहिणं मागाहून चालूच असतं. तीनदा देण्यात जादू नव्हती. मधल्या थांबण्यात होती.

तो शनिवार होता. दीड वाजता वीज जायची होती, त्याआधी मशीन बंद करायची. अक्कांना सासूला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून त्या एकच्या आधीच निघाल्या. जाण्यापूर्वी त्यांनी लॉगबुकात बंद केल्याची वेळ लिहून ठेवली, खाली सही केली. नियमाप्रमाणे सही मुख्य ऑपरेटरचीच लागायची, आणि हंगामी माणसाच्या हातून मशीन बंद झाली हे कागदावर दिसलं असतं तर मलाच बोलणी बसली असती. दारात चपला घालताना म्हणाल्या, "तीनदा. थांबून थांबून." मी हो म्हणालो.

सुभाष रोडवरच्या स्टुडिओत माझे फोटो तयार होते. हुबळीतल्या एका मुलीचं स्थळ सांगून आलं होतं आणि फोटो त्याच संध्याकाळी द्यायचे होते. स्टुडिओ दीडला बंद व्हायचा. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी एकाच ओळीत, मध्ये अर्धविराम टाकून, तीनदा सिंक लिहिलं. एंटर मारलं. लगेच ओळ परत आली. मी स्विच खाली केला.

फोटो मिळाले.

सोमवारी मशीन उठली, पण कण्हत उठली. डिस्क तपासणारी आज्ञा चालवली तर ती प्रश्नांमागून प्रश्न विचारत गेली, आणि शेवटी अक्कांच्या फायलीच्या जागी नुसते आकडे लावलेले तुकडे उरले. काही तुकड्यांत पुस्तकांची अर्धी नावं होती. बाकी रिकामे. निकालांची नक्कल टेपवर होती, त्यामुळे निकाल वाचले. कॉलेजकडे टेप तेवढी एकच होती. कार्डांसाठी कुणी दुसरी दिली नव्हती.

प्राचार्यांच्या खोलीत जाण्यापूर्वी व्हरांड्यात अक्कांनी मला विचारलं, "तीनदा दिलंस ना?"

"हो अक्का," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. तीनदाच दिलं होतं. या एका गोष्टीवर मी बत्तीस वर्षं उभा आहे.

आत प्राचार्यांनी लॉगबुक पुढे ठेवून कन्नडमध्ये विचारलं की शनिवारी मशीन कुणी बंद केली. सही अक्कांची होती. अक्का म्हणाल्या, मी. मी दाराशी उभा होतो. पुढच्या महिन्यात त्यांची बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली. जुन्या फायली, दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. त्यांच्या जागी मला घेतलं आणि वर्षाने कायम केलं. तोवर माझं लग्नही झालं होतं.

मी स्वतःला समजावलं की डिस्क जुनी होती, धारवाडची वीज तशीच होती, दाब कमीजास्त होतच असे. हे सगळं खरं होतं. कॉलेजात अक्का दिसल्या की विचारायच्या, मशीन बरी आहे का? मी म्हणायचो, बरी आहे. त्यांच्या निरोप समारंभात भाषण मी केलं. त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पहिल्या रांगेत शाल पांघरून बसल्या होत्या आणि माझ्याकडे न बघता हातातला नारळ फिरवत होत्या.

मग गेला उन्हाळा, आणि टेबलावर उठलेली ती मशीन. सुरुवातीला मला नुसता आनंद झाला. जुन्या आज्ञा बोटांतून आपसूक येत होत्या. मग मनात आलं की आता ते करून बघता येईल. त्या डिस्कवरचं काही परत मिळणार नव्हतं, ही डिस्क म्हणजे लॅपटॉपवरची एक फाइल. पण प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं. मी सिम्युलेटरला जुन्या डिस्कच्या संथ वेगाने चालायला लावलं. पुस्तकांची एक मोठी यादी तयार केली, तिच्यात भर घातली. एकाच ओळीत तीनदा सिंक दिलं आणि ओळ परत येताच यंत्र बंद केलं.

पुन्हा सुरू केलं. यादी शाबूत.

मला हायसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. मग पुन्हा केलं. पुन्हा शाबूत. तिसऱ्यांदा डिस्क तपासणाऱ्या आज्ञेने पहिला प्रश्न विचारला, मग दुसरा. ते प्रश्न मी ओळखले. दुपारभर मी तेच करत बसलो. कधी काही होत नसे, कधी यादीचा शेवट गायब असे, एकदा सगळी यादीच तुकडे होऊन पडली. मग अक्कांसारखं केलं, कापड घालून, उठून पंख्याचं बटण बंद करून, परत येऊन. कितीही वेळा केलं तरी एकदाही काही बिघडलं नाही.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. फोटोंसकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मग मला कशाला सांगताय? अळणावरचं तिकीट काढा."

पुढच्या शनिवारी मी सकाळच्या गाडीने गेलो. अक्का आता बहात्तरच्या असतील. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात. दार उघडून त्यांनी मला ओळखलं, चहा टाकला, बायकोची चौकशी केली. लॅपटॉप बघून म्हणाल्या, "हे काय आणलंस की?" मी सुरू केला. लॉगिन आलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला, पडद्याजवळ तोंड नेलं.

"उठली बघ," म्हणाल्या. अगदी हळू.

मग त्यांनी स्वतः बसून दोन-तीन आज्ञा दिल्या. बोटं अडखळत होती, पण अक्षरं चुकत नव्हती. अक्षरं बारीक झालीत म्हणाल्या, आणि गुडघे धरून उठताना हसल्या की आता त्या स्वतःच सासूसारख्या झाल्यात. त्या तशा हसत असताना मला ते सांगणं अधिकच जड झालं.

"अक्का, त्या शनिवारी मी एकाच ओळीत तीनदा दिलं. आणि लगेच स्विच बंद केला."

त्या बसल्या. "लगेच म्हणजे?"

"लगेच. फोटो आणायचे होते. लग्नासाठीचे."

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "चांगले आले होते काय?"

"बरे आले होते."

"मी विचारलं तेव्हा हो म्हणालास."

"हो."

मी माफी मागितली. ते शब्द मी गाडीत मनात जुळवून आणले होते आणि तसेच बाहेर पडले, पाठ केल्यासारखे. अक्कांनी हात हलवून 'इरली' म्हटलं, असू दे. पण तेवढ्यावर त्यांचं मन मिटलं नाही, हे मला दिसत होतं. त्या खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या. प्राचार्यांनी त्यांना तेव्हा काढलं नव्हतं. उलट दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाले होते, कार्डं आहेत, दुसरी टेप मागवतो, परत घाला. अक्कांनीच नको म्हटलं होतं. रेकॉर्ड रूम त्यांनीच मागून घेतली होती.

हे मला ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षांत एकदाही मी विचारलं नव्हतं.

"तीनदा देऊनही गेलं म्हटल्यावर मशीनवर भरवसाच राहिला नाही बघ," त्या म्हणाल्या. "वाटलं, आपल्याला यातलं काही कळत नाही. उगीच सव्वा वर्ष बसले. तेव्हा सांगितलं असतंस तर मी घातली असती परत. सगळी."

ती कार्डं नंतर ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत गेलीच नाहीत. खणांना वाळवी लागली होती. खण बाहेर काढले त्या दिवशी मी तिथे होतो. ते मी अक्कांना सांगितलं नाही, पण त्यांना माहीत असावं.

माझ्या गाडीची वेळ होत आली. मी लॅपटॉप मिटायला गेलो तर त्या म्हणाल्या, "तसा नको. नीट बंद कर. मी बघते."

मी सिंक दिलं. ओळ लगेच परत आली. अक्कांनी चहाचे कप उचलले, आत नेऊन ठेवले. मोरीत पाण्याचा आवाज आला. त्या परत येईपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. त्या आल्यावर दुसऱ्यांदा दिलं. त्यांनी उठून मागचं दार लावलं, कडी घातली, एकदा ओढून बघितली. मग तिसऱ्यांदा. या वेळी त्या आतून एक वही घेऊन आल्या. गॅसचा सिलिंडर कधी लावला ते लिहून ठेवायची वही. नवं पान उघडून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं, वर पेन.

"सही तू कर," म्हणाल्या.

मी केली.

"वेळ लिही की."

भिंतीवरच्या घड्याळात बघून मी वेळ लिहिली. त्यांनी वही हातात घेतली, चष्म्यातून ती वेळ घड्याळाशी ताडून बघितली, आणि मान हलवली. मग मी मशीन बंद केली.