विहिरीच्या तळाशी घड्याळ

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, नांदेडला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. तिथलं काम सुटल्यावर ते नायगावजवळच्या आमच्या गावी राहायला आले ते हातात घड्याळ घालूनच. चावीचं घड्याळ होतं ते, पांढऱ्या तबकडीचं. सकाळी अंघोळ, कपाळाला भस्म, लिंगपूजा एवढं झालं की आप्पा बाजेवर बसायचे आणि घड्याळाला चावी द्यायचे. मग ते डाव्या कानाला लावून डोळे मिटायचे. थोड्या वेळानं म्हणायचे, "बोलून राहिलंय." त्यानंतरच घड्याळ मनगटावर चढायचं.

माझं लग्न होऊन मी लातूरला गेले. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जुन्या जिल्ह्यातून गाठोड्यांत बांधलेल्या फायली ट्रक भरून येत होत्या, आणि त्या उलगडून लावायच्या कामावर आम्हा नव्या कारकुनांना बसवलं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता, गावातले नळ मात्र कोरडे. दुष्काळ होता. सुट्टी मिळाली की मी एसटीनं नांदेडवरून गावी जायची. प्रत्येक खेपेला रस्त्याच्या कडेची शेतं जास्तच उघडी पडलेली दिसायची.

अशाच एका खेपेला माय मला चुलीपाशी बसवून हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या आप्पांचं काय बिनसलंय कळंना. घड्याळ बंद पडलं म्हणतेत. चावी द्यायचं सोडलंय."

"मग दुरुस्तीला द्या की."

"दोन बाऱ्या नांदेडला जाऊन आले. तिथला माणूस म्हणतोय, घड्याळ चांगलं हाय. हे म्हणतेत, त्यानं आतली मशीन बदलली. त्याच्याशी भांडून आले."

मी बाहेर आले. आप्पा बाजेवर बसून समोरच्या लिंबाकडे बघत होते. घड्याळ मनगटावरच होतं, काटे भलत्याच वेळेवर थांबलेले. मी ते मागितलं. त्यांनी मुकाट्यानं काढून दिलं. मी चावी फिरवली आणि घड्याळ कानाला लावलं. आतून टिकटिक येत होती, साफ आणि एकसारखी. सेकंदाचा काटाही फिरायला लागला.

मी मान वर केली तेव्हा आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. मला ऐकू आलंय, हे त्यांनी माझ्या तोंडावरून वाचलं असावं. त्यांनी हात पुढं केला, घड्याळ परत घेतलं आणि म्हणाले, "काटा फिरतोय. पण बोलंना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके दिवस घरात कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही, याचंही उत्तर मग सापडलं. जिनिंगमध्ये मशिनी चालू असल्या की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू जात नाही. तिथले सगळेजण ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलणं ओळखायचे. आप्पांनी सारी उमर तसंच ऐकलं होतं. त्यामुळे समोर बसून बोललं की ते बरोबर उत्तर द्यायचे. पाठीमागून हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही, तर माय म्हणायची, "लई तऱ्हेवाईक झालेत." देवळातल्या भजनाला जायचंही त्यांनी सोडलं होतं. आम्हाला वाटलं, दुष्काळानं माणसाचं मन उडालं असेल.

लातूरला परत आल्यावर मी हे माझ्या नवऱ्याला सांगितलं. ते हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि मुलांचे उच्चार त्यांना ऐकवायला त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला होता. वर पट्टा, पुढं एक गोल स्पीकर, आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण. ते म्हणाले, "यात आवाज मोठा करता येतो. घड्याळ टेप करून ऐकव. निदान ते बंद नाही, एवढं तरी त्यांना पटेल."

पुढच्या सुट्टीत मी टेप पिशवीत गुंडाळून, नवे सेल घालून गावी नेला. आप्पांना काही सांगितलं नाही. ते दुपारी पडले की घड्याळ उशाला काढून ठेवत. ते मी उचललं, चावी दिली आणि माझ्या भावाला बोलावलं. तो माझ्यापेक्षा लहान, शेती तोच बघायचा. त्या साली बघायला शेतीत काही नव्हतं. आमची देवणीची बैलजोडीही त्यानं इस्लापूरकडं मामाच्या गावी नेऊन ठेवली होती. तिकडं थोडं पाणी होतं.

आम्ही आधी आतल्या खोलीत करून बघितलं. घड्याळ टेपच्या माईकपाशी ठेवलं, लाल बटण दाबलं आणि श्वास रोखून बसलो. मग लावून ऐकलं तर नुसती खरखर. भावजय शेजारच्या खोलीत गहू पाखडत होती, त्या सुपाचा आवाज मात्र छान आला होता. मग भावानं तांब्याची परात आणली, पालथी घातली आणि तिच्यावर घड्याळ ठेवलं. परातीनं तो बारीक आवाज अंगात घेतला. कान जवळ नेला की आख्खी परात बोलल्यासारखी वाटत होती. पण त्या दिवशी पाटलांच्या रानात बोअरचं मशीन लागलं होतं. लांबून त्याची घरघर येत होती, आणि टाकीपाशी टँकर आल्यावर बायांचा जो कालवा उठला, त्यात सगळंच बुडालं.

भाऊ परात हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "अक्का, विहिरीत उतरू. तिथं कोण बोलतंय?"

आमची विहीर गावाबाहेर, पायऱ्यांची. त्या उन्हाळ्यात भावानं आणि गड्यांनी तिच्यातला गाळ काढला होता, तरी पाझर आला नव्हता. मी लहानपणापासून ती विहीर बघत होते, पण तिच्या तळाला माझे पाय कधी लागले नव्हते. आम्ही एकामागून एक पायऱ्या उतरत गेलो. वरच्या पायऱ्या तापलेल्या होत्या, खालच्या गार. पाण्याच्या जुन्या रेघा दगडांवर एकाखाली एक उमटलेल्या होत्या. भाऊ त्यांवर हात ठेवत सांगत होता, "हे सुगीचं पाणी. हे संक्रांतीचं." त्याखालच्या रेघांवरून तो नुसता हात फिरवत उतरला.

तळाला चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. कपारीतले पारवे आम्हाला बघून फडफडले आणि वरच्या उजेडात निघून गेले. त्यांचे पंख लांब गेल्यावर जी शांतता झाली, तशी मी पूर्वी ऐकली नव्हती. भावानं एक दगड सारखा करून त्यावर परात पालथी घातली. मी घड्याळ ठेवलं. टेप जवळ घेऊन बटण दाबणार, तेवढ्यात तो म्हणाला, "अक्का, आप्पांना हेबी ऐकू नाही आलं तर?"

माझं बोट बटणावरच राहिलं. घड्याळ चांगलं आहे हे आप्पांना पटवायला आम्ही निघालो होतो. ते चांगलं आहे, याचा अर्थ दुसरं काहीतरी बिघडलंय, हेही त्याच आवाजात त्यांना ऐकवणार होतो. लातूरहून निघाल्यापासून हा विचार मी लांब ठेवला होता. भावानं तो सरळ समोर आणला.

"मग काय करू? जाऊ वर?" मी विचारलं.

त्यानं परातीवरचं घड्याळ मधोमध सरकवलं. मग म्हणाला, "न्हाई. कर. त्यांना तरी कुठवर असं एकटं ठेवायचं?"

मी बटण दाबलं. आम्ही दोघं गुडघ्यांवर हात ठेवून बसलो. घड्याळाची टिकटिक परातीतून निघून दगडांना लागत होती. मला एकदम ध्यानात आलं की ही टिकटिक मी आप्पांच्या मनगटावर एवढी वर्षं बघितली होती, पण अशी बसून कधीच ऐकली नव्हती. तिच्यात एक ठोका थोडा जड आणि एक हलका होता, माणसाच्या चालण्यासारखा.

फीत फिरत असतानाच वर काठावरून एक आवाज आला. गावातली एक म्हातारी सरपण वेचत तिकडून चालली होती. खाली माणसं बघून तिनं वाकून विचारलं, "लागलं का रे पाणी?"

भाऊ वर बघून म्हणाला, "न्हाई, मावशे."

"मग काय करून राहिलाव खाली?"

भावानं परातीकडं बोट केलं. म्हातारी थोडा वेळ उभी राहिली आणि मोळी सावरत निघून गेली. मी टेप बंद केला. पुन्हा करावं असं वाटलं, पण भाऊ म्हणाला, "राहू दे. आलंय तेवढं बास."

ऊन उतरल्यावर आम्ही टेप आप्पांच्या बाजेवर ठेवला. माय दारात येऊन बसली. मी आप्पांच्या समोर उभी राहून सावकाश बोलले, "आप्पा, तुमचं घड्याळ ह्याच्यात भरलंय. ऐका." आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. अंगणभर ठोके घुमायला लागले. खरखर होती, पण ठोके साफ होते. शेजारची माणसं भिंतीवरून डोकावून बघायला लागली.

आप्पांनी मान वाकवून डावा कान स्पीकरला लावला. मी त्यांच्या कपाळाकडं बघत होते. तिथं काही हललं नाही. त्यांनी उजवा कान लावला. तरीही नाही. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. आणि एकदम आप्पांनी मान वर केली. आजूबाजूला बघत ते मोठ्यानं म्हणाले, "न्हाई लागलं! कवाचं लागतंय?"

त्यांना म्हातारीचा आवाज ऐकू आला होता. विहिरीत घुमून जाड झालेला तिचा आवाज त्यांच्या कानात शिरला होता. ती कुठंतरी जवळच उभी आहे असं वाटून ते तिला शोधत होते. मग त्यांना कळलं की तीही टेपमध्येच आहे. ते टेपकडं बघत राहिले.

मी फीत मागं घेऊन पुन्हा लावली. या वेळी त्यांनी कान लावला नाही. उजव्या हाताची बोटं स्पीकरच्या जाळीवर टेकवली. जिनिंगमध्ये ते मशिनीच्या अंगावर असाच हात ठेवायचे, हे मी लहानपणी सुट्टीत नांदेडला त्यांच्याकडं राहून डबा घेऊन जायचे तेव्हा बघितलं होतं. त्यांची बोटं जाळीवर स्थिर होती. थोड्या वेळानं डाव्या हाताचा अंगठा हळूहळू बाजेच्या लाकडावर ठोके देऊ लागला. घड्याळाच्या बरोबर.

"चालू हाय," ते म्हणाले.

"हाव, आप्पा."

"मशीन त्यानं बदलली न्हाई."

"न्हाई."

त्यांनी हात काढून घेतला. आमच्या तिघांच्या तोंडांकडं एकेक करून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मग माझे कान गेले."

माय उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भावानं टेप बंद केला. आप्पांनी घड्याळ मनगटावर बांधलं नाही, हातातच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. पूजा आटोपून आप्पा बाजेवर बसले आणि त्यांनी मायला खुणेनं बोलावलं. घड्याळाला चावी दिली आणि ते तिच्यापुढं धरलं. मायनं उभ्या जन्मात घड्याळ हातात घेतलं नव्हतं. तिला त्यातली वेळही कळत नव्हती. "मी काय करू ह्याचं?" म्हणाली.

"कानाला लाव. बोलतंय का सांग."

तिनं इकडंतिकडं बघितलं, डोक्यावरचा पदर जरा बाजूला सारला आणि घड्याळ कानाला लावलं. मग मान हलवली. हो.

त्या दिवसापासून रोज सकाळी घड्याळ मायच्या कानाला लागायचं. तिनं मान हलवली की आप्पा ते घालायचे. घरात सगळेजण त्यांच्यासमोर येऊन बोलायला शिकले. शेजारचेही शिकले. पाऊस पुढच्या साली बरा झाला आणि बैल घरी आले. आप्पा भजनाला पुन्हा जायला लागले. मृदंगाच्या जवळ बसायचे आणि हात जमिनीला टेकवून ठेवायचे.

काही वर्षांनी लातूरच्या दवाखान्यात कान तपासायचं शिबिर भरलं. मी दोघांनाही बोलावून घेतलं. आप्पांना कानाचं मशीन मिळालं. खिशात डबी, तिच्यापासून कानापर्यंत वायर. दवाखान्याच्या आवारातच डॉक्टरांनी ते लावून दिलं. आप्पा पहिल्यांदा दचकले. रिक्षा, माणसं, कुठं तरी पडलेली बादली, सगळंच एकदम त्यांच्या अंगावर आलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मी मशीन काढायला हात पुढं केला, पण त्यांनी माझा हात बाजूला केला.

माय त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसली होती. तिनं विचारलं, "ओ, यायलंय का ऐकू?"

आप्पांनी डोळे उघडले. मान वळवून तिच्याकडं बघितलं, आणि बघतच राहिले.

"काय झालं?" माय घाबरून म्हणाली.

"तुझा आवाज म्हातारा झाला की गं," आप्पा म्हणाले.

माय हसली नाही. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "तुम्ही ऐकत नव्हता, तवा झाला."

मग दोघंही बाकड्यावर बसून राहिले. आप्पा तिला काहीबाही विचारत होते, घरी कोणाला ठेवून आलो, भाकरी बांधून घेतली का, असलंच. तीही पहिल्यांदाच विचारल्यासारखं सगळं सांगत होती. मी एसटीची वेळ बघायला गेले.