पालखीपुरता

सुगंधाबाई चौकीत आल्या की खुर्चीवर बसत नसत. टेबलाशी उभ्या राहून प्लास्टिकच्या पिशवीतला कोर्टाचा कागद माझ्यापुढे ठेवत. नवऱ्याने त्यांना मारू नये, त्यांच्या घरात पाऊल टाकू नये, असा तो संरक्षण आदेश. तो मोडला तर नवऱ्याला अटक करायची, हे माझं काम; मी तिथे हवालदार होतो. एकदा म्हटलं, "अहो, बसा तरी!" तर म्हणाल्या, "नको भाऊ. बाई बसली की तुमी समजूत काडायला लागता."

त्या काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायच्या. बोटं चिकाने काळी पडलेली. तिथल्या दुसऱ्या कुणा बाईला घरी मार बसला, की तिलाही दंडाला धरून आणायच्या. "आली बघा वकीलीण!" असं आमचा शिपाई म्हणायचा. मीही हसायचो. सांगताना लाज वाटते, पण हसायचो.

शिमग्याला नवरा मुंबईहून आला आणि बहिणीकडे उतरला. लगेच गावकरी चौकीत हजर. "साहेब, घरधनी नसताना देवीची पालखी दारात घ्यायची कशी? पालखीपुरता येऊ दे त्याला." मी पडलो कोकणातला. देवीचं नाव निघालं आणि तिथे मी शेण खाल्लं. बाईंना बोलावलं, चहा मागवला, आग्रहाने बसवलं.

"देवीला माज्या हातचा नारळ चालत नाय काय?" त्यांनी विचारलं. "मग कोर्टानं ह्यो कागूद दिलान कशाला?"

"दोन तासांचा तर प्रश्न. मी आहे ना!"

मी कुठला असायला! मी देवळापाशी बंदोबस्ताला. पालखी पुढच्या घरी गेली, नवरा मात्र गेला नाही. त्याने मुसळाने बाईंचा उजवा हात मोडला. शेजाऱ्यांनी धावत येऊन सोडवलं म्हणून जीव वाचला.

त्याला अटक केली आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला इस्पितळात जबाब घ्यायला मीच गेलो. बाई रडल्या नाहीत. सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्याला घरात घ्यायला कुणी सांगितलान, त्ये लिवलात ना?"

"लिहिलं," मी म्हणालो.

"मला वाचता येत नाय. तुमी लिवलात म्हंजे झालं."

त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. कागदावर 'गावकऱ्यांच्या सांगण्यावरून' एवढंच होतं. माझंही नाव होतं, पण जबाब घेणारा म्हणून.