डिव्हचा वैरी

माझ्या मेहुण्याइतका शिस्तीचा आणि माझ्या मेहुण्याइतका गबाळा माणूस अख्ख्या अष्टागरात सापडायचा नाही, आणि मेहुणा मला एकच आहे. शर्टाची बटणं वरखाली, पायांत दोन जातींच्या चपला; पण वेबपेज करायला बसला की सोवळ्यातला भटजी परवडला. नागावातल्या कितीतरी होमस्टेंची पानं त्याच्या हातची. माथ्याला हेडर, वाट दाखवायला नॅव्ह, मुख्य मजकुराला मेन, पायाशी फूटर. ज्याची खूण त्यालाच. सगळा मजकूर बिननावाच्या 'डिव्ह'मध्ये कोंबणाऱ्याला तो घरी चहासुद्धा विचारत नाही. "डिव्ह म्हंजे नाव नसलेला डबा, भावोजी. फळीवर नुसते डबेच डबे. मीठ कुठलं नि धुण्याचा सोडा कुठला, आंधळ्याला कसं कळायचं?"

हा आंधळा म्हणजे तो स्वतःच. त्याची नजर कडेकडून विझत चालली आहे आणि त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. पुढे फोन वाचून दाखवील तेवढंच त्याला मिळणार, पोटही त्यावरच भरायचं, आणि फोन पानातली वाट काढतो ती या खुणांवरूनच.

काशीदचा एक होमस्टेवाला त्याला म्हणाला, "शीर्षकाला वेगळी खूण कशाला? अक्षरं मोठी कर, झालं शीर्षक!" हा म्हणाला, "मोठ्या मिशा ठेवल्या म्हंजे कोण फौजदार व्हत न्हाय." गिऱ्हाईक गेलं. त्याने दुसऱ्याकडून झगमगीत पान करून घेतलं. ते कानाला कसं लागतं म्हणून मेहुण्याने डोळे मिटून फोनला ते वाचायला लावलं, तर फोन नुसता 'बटण, बटण, बटण' म्हणत राहिला. याने अंदाजाने एक दाबलं, भलत्याच रकान्यांत काहीबाही भरलं. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून बोटवाल्याचा फोन, "दादा, बनाना राईडला कधी येताय? पोरांची जॅकेटं काढून ठेवलीत." आम्ही पोट धरधरून हसलो. तोही हसला, मग म्हणाला, "उद्या हे दवाखान्याचं पान असलं तर, भावोजी?" माझी बायको, म्हणजे त्याची बहीण, उठून आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

एकेक गिऱ्हाईक असंच गळालं. या पावसाळ्यात त्याने हट्टाने माझ्या होमस्टेचं पान करायला घेतलं, तेही पडदा काळा करून, निव्वळ ऐकत. त्याची बहीण चिडली, "अरे, दिसतंय तोवर समुद्र तरी बघून घे!"

"समुद्र ऐकू येतो, ताई. पान ऐकू यायला पायजे."

मागच्या आठवड्यात संध्याकाळी माझ्या फोनवर त्या नव्या पानावरून बुकिंग आलं. खोली एक, नाव त्याचं, तारीख बरोबर, निरोपाच्या जागी 'जेवणात कालवं पायजेत.' तो राहतो शेजारच्याच वाडीत. मी कुंपण ओलांडून गेलो. पडवीत बसला होता, मांडीवर लॅपटॉप, पडदा काळाच.

"आलं?"

"आलं. कालवांसकट."

"मंग आता नजर गेली तरी चालंल," तो म्हणाला आणि चष्मा शर्टाला पुसू लागला.

मला चालणार नव्हतं. पण तसं म्हणून त्याचा आनंद कुठे घालवू? मी त्याच्याशेजारी बसलो. समोर माडांवर ऊन उतरत होतं आणि तो तिकडेच तोंड करून होता. त्यातलं किती त्याला दिसतंय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.