सायलेन्सरचं पाणी

बायकोनं, दीक्षानं, मेकॅनिकला घरी बोलावलंय, हे प्रेमानंदला फाटकातून गाडी आत घेताना दिसलं आणि त्याचं धाबंच दणाणलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

चोरी तरी कसली, बापा! आपल्या गाडीतून तो एका साहेबाला रोज तीसेक किलोमीटरवरच्या बुटीबोरीच्या कारखान्यात न्यायचा-आणायचा. दिवाळीत साहेबाची बदली झाली आणि काम सुटलं. बायकोला सांगायला जीभ रेटेना. तिनं साऱ्या इंदोरा वस्तीत नवऱ्याच्या कामाचं कौतुक करून ठेवलेलं! म्हणून तो रोज सकाळी डबा घेऊन निघे, दोन गल्ल्या सोडून मैदानामागं गाडी लावी आणि फोनवरून काम मागत बसे. ‘कळवतो’ म्हणत सारे, कळवत कोणीच नसे. घास घशाखाली उतरत नसे. पोळ्या कुत्र्यांना जात, आणि संध्याकाळी नळावर डबा विसळून स्वारी घरी येई. उद्या काम मिळेलच, मग आज कशाला सांगा, असं म्हणता म्हणता थंडी पडली.

आणि सायलेन्सरमधून पाणी गळू लागलं. रोज संध्याकाळी फरशीवर ओला डाग. गाडी बसली तर नवऱ्याचं काम जाईल, या धास्तीनं दीक्षाची झोप उडाली. आता काय म्हणावं या भोळीला!

ओमप्रकाश मेकॅनिकनं कूलंट पाहिलं, ऑइल पाहिलं, गळणारा थेंब बोटावर घेऊन हुंगला.

"काहीच बिमारी नाई, वहिनी. कूलंट भरलेलं आहे, ऑइल साफ आहे. थंडीत सायलेन्सरात भाप जमते. गाडी लांब धावली का गरम होऊन सुकते. हे जवळच फिरून राहिले असतीन. एकदा बुटीबोरीपर्यंत दौडवा, बस!"

"भाऊ, हे आत्ता बुटीबोरीहूनच तं आले," दीक्षा म्हणाली.

ओमप्रकाशनं सायलेन्सरवर पंजा ठेवला. त्यानं प्रेमानंदकडं पाहिलं. काय समजायचं ते तो समजला.

"मंग... गॅस्केट गेलं असंल," तो पुटपुटला. "उद्या खोलून पाहतो."

"आत्ताच तं बिमारी नाई म्हणत होते!" दीक्षा खाली वाकली आणि तिनंही हात लावला. सायलेन्सर धड कोमटही नव्हता.

ओमप्रकाशनं पाने-पकडी गोळा केल्या आणि तो निघून गेला. प्रेमानंदला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

ती ओरडेल, रडेल, माहेरी फोन लावेल, सगळ्याची त्यानं तयारी केली होती. तिनं सीटवरचा डबा उचलला, उघडून पाहिला. लख्ख विसळलेला.

"काहून नाई सांगतलं मले?" तिनं डब्याचं झाकण लावलं. "डबा तरी रोज खात होते ना?"

"हौ," प्रेमानंद म्हणाला. तेही खोटंच होतं.