हमीदाभाभीचं दूध

लूमच्या खडखडाटात समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण हमीदाभाभीला तीन घरांपलीकडचं तान्हं रडलेलं कळायचं. हातातलं काम टाकून ती उठायची. "पोर रडतंय आन् तुमी बघत काय बसलाव?" असं म्हणत मूल उचलूनच घ्यायची. भिवंडीत आमच्या घरांची भिंत एक होती. तिच्या घरामागे नवऱ्याचे, इब्राहिमभाईंचे, कापड विणायचे चार लूम चालत. मी मराठी शाळेत शिकवायची, म्हणून ती मला 'बाई' म्हणायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझी वैदेही आणि तिचा सलीम एकाच आठवड्यात जन्मले. सलीमच्या वेळी भाभीचं रक्त फार गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. रक्त कुणाचं हे कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारायची रीतच नव्हती. इकडे मला कावीळ झाली, माझं दूध आटलं. वैदेही रडून निळी पडायची. भाभी स्वतः अशक्त, तरी भिंतीला धरून आली. सासूबाई घुटमळल्या, तेव्हा म्हणाली, "आई, आधी पोरीचं पोट भरू दे. इच्यार मागनं करा."

महिनाभर तिने दोन्ही मुलं पाजली. "आता ही सलीमची दूदबहीन. आमच्यात ह्यांचं लगीन व्हायचं न्हाय, बाई. दुसरा जावई बघा," असं हसून म्हणायची. मधेच तिला ताप आला, घसा सुजला, अंगावर पुरळ उठलं. बाळंतपणातला ताप म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आठ-दहा दिवसांत बरं वाटलं. पुढे मी सावरले, वैदेही डब्याच्या दुधावर आली.

सलीम दोन वर्षांचा होईपर्यंत पार वाळून गेला. जुलाब थांबेनात, तोंड आलेलं. शेवटी त्याला मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नेलं. ते परत आल्यावर भाभी दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबरा ओलांडला नाही.

"बाई, पोरीचं रगत तपासून घ्या."

"कशासाठी?"

"मला एड्सची लागण हाय. त्या बाटल्यांतनं आली म्हनतात. सलीमला माझ्या दुदातनं."

मी आत खेळणाऱ्या वैदेहीला उचलून घेतलं.  तीच पुढे म्हणाली, "कुनाला बोललीस तर घरात ठेवनार न्हाय, असं हे म्हनतात. तरी आले. हिला मी पाजलंय, मग दुसरं कोन सांगनार?"

दुसऱ्या दिवशी वैदेहीला घेऊन मी मुंबईच्या त्याच रुग्णालयात गेले. भाभीही आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू शरीरात बेसुमार वाढतो. रक्तात असतो, आईच्या दुधातही उतरतो. तेव्हा तपासणी केली तरी बहुधा काही सापडत नाही. साधा ताप वाटतो, आणि दुसऱ्याला लागण होण्याचा धोका त्याच दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

"म्हंजे मला ताप होता तवा?" भाभीने विचारलं.

"हो, तेव्हाच."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा मी हिला आधी घ्यायचे. दुसऱ्याची पोर म्हनून. सलीमला मागनं."

 अहवाल येईपर्यंत मी रात्री वैदेहीच्या कपाळाला सारखा हात लावून बघायची. अहवाल आला, तिला लागण नव्हती. मी धावत जाऊन भाभीला सांगितलं. ती होती तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. सलीम तिच्या मांडीवर झोपलेला होता. तो त्या थंडीत गेला.

इब्राहिमभाई स्वतःच्या तपासणीला कधी तयार झाले नाहीत. दोष तिचाच, असं मात्र गल्लीभर म्हणत राहिले. सलीमला जाऊन चाळीस दिवस होताच त्यांनी तिला खारबावला भावाकडे पोचवलं. भावाने मागच्या पडवीत तिची खाट टाकली होती. मी अधूनमधून जायची. शेवटी गेले तेव्हा तिला उठून बसवावं लागलं.

"बाई," ती म्हणाली, "दोघांनी एकच दूद पिलं. मग माझाच का गेला?"

मी हेच डॉक्टरीणबाईंना विचारून आले होते. वैदेही महिनाभर प्यायली आणि नशिबाने वाचली. सलीम पुढे वर्षभर पीत राहिला. कदाचित त्याला पहिल्याच दिवसांत लागण झाली असेल, कदाचित नंतर. वेळीच दूध तोडलं असतं तर तो वाचलाही असता.

"माहीत नाही, भाभी," मी म्हणाले.

 तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुमाला खोटं बोलता येत न्हाय, बाई," ती म्हणाली. "पन बोललाव, बरं केलंत."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा निघाले होते. खारबाव स्टेशनात उतरले, तर तिचा भाऊ तिथेच भेटला. म्हणाला, "आता कशाला येता? पुरून आलो कालच."