नानांचा मागच्या बाकावरचा साहेब

जर्मनीत प्रत्येक कचऱ्याला वेगळा डबा आहे. किस्से कुठल्या डब्यात टाकायचे ते मात्र कुणी सांगत नाही, म्हणून ते साठत जातात. बॉबलिंगेनला शनिवारी चहाला जमणाऱ्या आम्हा इंजिनिअर मंडळींकडे सगळ्यात जास्त साठलेत ते नानांचे.

नाना ब्रेक टेस्टिंगमधले. पण जीव अडकलेला शंभर वर्षांपूर्वीच्या एका ब्रिटिश खासदारात! मंत्री कधीच न झालेला, मागच्या बाकावरून हिंदुस्थानातल्या गिरणी कामगारांबद्दल प्रश्न विचारणारा हा साहेब. नाना त्याचं मराठीत चरित्र लिहीत होते. आम्ही एखादं प्रकरण नीट ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा. मागच्या हिवाळ्यात नाना वारले. ऐकायला हवं होतं, असं आता फार वाटतं.

*

साहेबाचं पहिलं भाषण. तो उभा राहिला आणि जेवणाची वेळ झाली म्हणून अख्खं सभागृह उठून गेलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, बोलला. चाळीस मिनिटं!" नाना म्हणाले.

"कुणाशी?"

"स्पीकरशी. त्या बिचाऱ्याला उठता येत नाही ना!"

आम्ही इतके हसलो की भाषणात काय होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

*

साहेबाने पक्ष बदलला, आणि पुढच्याच निवडणुकीत जुना पक्ष सत्तेवर आला. "आल्झो, म्हणजे थोडक्यात, टायमिंग त्याला कधी जमलंच नाही," नाना म्हणाले. त्याच महिन्यात नानांनी हट्टाने डिझेलच्या टीममध्ये बदली मागून घेतली होती. वर्षभरात ती टीमच बंद झाली!

*

शेवटी साहेब निवडणुकीत पडला. मतदार म्हणाले, मुंबईच्या गिरण्यांचं राहू द्या, आमच्या पुलाचं काय?

"गेनाऊ! अगदी बरोबर!" आमच्यातला साठे ओरडला. "पुण्यात आमच्या सोसायटीचा चेअरमन असाच पडला!"

मग तासभर चेअरमनच चालला. नानांनी वही मिटून पिशवीत ठेवली. मी ते पाहिलं होतं, आणि तरी साठेला नव्या चेअरमनबद्दल विचारलं.

*

गणेशोत्सवात मंडळाने एकदाची नानांना वीस मिनिटं दिली, ती नेमकी जेवणाच्या आधी. हॉल दुपारी तीन वाजता रिकामा करायचा होता आणि हॉल सांभाळणारा हाउसमाइस्टर किल्ल्या घेऊन दारातच उभा. त्यामुळे नाना वाचत असतानाच जेवण तयार असल्याची घोषणा झाली. सगळे उठले. मीही उठलो.

मसालेभाताची प्लेट घेऊन परत डोकावलो, तर नाना अजून वाचत होते. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पहिल्या रांगेत फक्त नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी.

"वहिनी, चला ना, जेवण गार होतंय," मी हळूच म्हटलं.

नानांवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या, भाऊजी. स्पीकरला उठता येत नाही."