वाकली की बाद

कारखान्यात तिला सगळे चाळणी म्हणत. बिस्किटांच्या सरकत्या पट्ट्याशी ती एकतीस वर्षं उभी राहिली आणि तुटका, करपलेला किंवा सादळलेला एकही नग तिच्या नजरेतून पुढे सटकला नाही. नियम साधा होता: वाजलं की पास, वाकलं की बाद. दुसरा नियम पाळायला जरा जड, पण तिनं तोही पाळला. पट्ट्यावरचा हात तोंडाकडे न्यायचा नाही. निवृत्त होऊन ती मुलाकडे राहायला आली तेव्हा दोन पिशव्यांबरोबर हे दोन नियमही आले.

नजरही आली. समोर पट्टा उरला नाही म्हणून ती घरातल्या माणसांवर फिरू लागली. दूध उतू गेलं तर ती कारण विचारायचीच, पण नाही गेलं तरी आज कसं गेलं नाही, असा तिला संशय यायचा.

तिची जुनी खोली तिनं अजून सोडली नव्हती. किल्ली उशीखाली होती. घरमालकिणीनं स्पष्ट सांगितलं होतं की महिनाअखेर काय ते कळवा, परत येणार नसाल तर खोलीत माझी भाची राहील. मुलगा म्हणत होता, आई, आता कायमची इथेच राहा. सून काहीच म्हणत नव्हती. आणि जो नग आवाज करत नाही तो आतून कच्चा असतो, हे चाळणीला एकतीस वर्षं ठाऊक होतं.

सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. स्वयंपाकघर तिचं, डबे तिचे, कोणती वाटी कुठे हेही तिचंच. चाळणीच्या वाट्याला फक्त ओव्हन आला होता, तोही नातीमुळे. आठ वर्षांची ती पोर शाळेतून भुकेली येई आणि पाकिटातलं काहीबाही खाई. मग चाळणीनं ओट्सच्या वड्या करायला घेतल्या. ओट्स कोरडे भाजायचे, शेंगदाणे आणि बदाम जाडसर भरडायचे, खजूर बारीक चिरायचा, भोपळ्याच्या बिया आणि पांढरे तीळ घालायचे. मध आणि लोणी गरम करून त्यावर ओतायचं आणि सगळं ताटात वाटीच्या बुडानं दाबून बसवायचं. इथवर कुणीही तेच केलं असतं. पुढे चाळणीचा हात वेगळा. ताट ओव्हनमधून लवकर काढणं तिला जमेना. ती वाट बघायची, अजून थोडी वाट बघायची, मग पट्टी लावून सोळा वड्या कापायची आणि प्रत्येक वडी ओट्याच्या कडेवर आपटून ऐकायची. वाजली की डब्यात.

डबा रिकामाही होत होता. दुसऱ्या बाईला याचा आनंद झाला असता. चाळणीला धास्ती वाटली, कारण डबा फार शिस्तीत रिकामा होत होता. रोज चार. शनिवारी चार, पाहुणे आले त्या दिवशी चार, नात तापानं झोपून होती त्या दिवशीही चारच. खाणारी माणसं अशी खात नाहीत. एखाद्या दिवशी सहा उडतात, एखाद्या दिवशी डब्याची आठवणही होत नाही. आणि तिनं कुणाला वडी खाताना पाहिलंही नव्हतं. अशी सारखी संख्या मोजून फेकणाऱ्याच्याच हातून येते.

तिनं मनाशी ठरवलं की सून फेकते. मग काय, ज्याच्या मनात संशय त्याला सावली दिसली तरी पुरे. कचऱ्याच्या डब्यात तिनं काडी घालून पाहिलं. गच्चीत कबुतरं जास्त धष्टपुष्ट दिसतात का तेही पाहिलं. सून कामावरून आली की तिच्या पिशवीचा वास घेतला, तर नुसता साबणाचा वास आला. सकाळी चाळणी न्हाणीघरात असायची तेव्हा स्वयंपाकघरातून आदळआपट ऐकू यायची, धप धप, चार-पाचदा. बाहेर आली की सून शांतपणे चहा गाळत असायची. इतकी आदळआपट माझ्यावरच असणार, दुसरं कोण आहे घरात, असं चाळणीला वाटे आणि घास कडू होई.

न्याहारी मात्र तिला आवडायची. काचेच्या मोठ्या बरणीतला कुरकुरीत चुरा सून दुधात घालून द्यायची. हा दुकानातून येतो, असं मुलानं सांगितलं होतं. चाळणीच्या मनाला ते लागायचं. मी घरी करते ते नको आणि विकतचा चुरा रोज चालतो. तरी खरं ते खरं. एकदा तिनं नाक मुरडत कबूलही केलं होतं की दुकानाचा असला तरी माल बरा आहे, नीट भाजलाय. त्यावर मुलाला ठसका लागला होता. त्या ठसक्याचाही तिनं बरेच दिवस विचार केला.

महिना संपायला आठवडा राहिला तेव्हा तिनं शेवटची परीक्षा घ्यायचं ठरवलं. नव्या घाण्यात पांढऱ्या तिळांऐवजी काळे घातले. आता वड्या कुठेही गेल्या तरी तीळ चुगली करतील. एक जरी काळा तीळ केरात सापडला, तरी किल्ली उचलायची आणि निघायचं. पिशवीत दोन साड्या तिनं आधीच भरून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे टेबलाशी बसले होते. तिनं दुधात चमचा घातला, वर काढला, आणि चमच्यात काळे तीळ होते. एक नाही, चांगले सात-आठ.

तिनं चमचा खाली ठेवला. हे दुकानातलं ना, असं तिनं विचारलं. मुलगा बूट शोधायला टेबलाखाली गेला. त्याचे बूट पायातच होते.

"नाही, आई," सून म्हणाली. "तुमच्याच वड्या आहेत. रोज सकाळी चार घेते, फडक्यात बांधते आणि लाटण्यानं कुटते. माणशी एक."

"का?"

"चावत नाहीत. पहिल्याच आठवड्यात माझ्या दाढेतलं सिमेंट निघालं. ह्यांनी एक वडी गालात धरून अर्धा दिवस काढला. पण फेकवेना. तुम्ही एकेक बी निवडून घालता ते दिसतं ना."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत, कशी लागते? तुम्ही फक्त विचारता, किती राहिल्या."

चाळणी उठली, डब्यातून एक वडी घेतली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटलं. इतके घाणे केले, पण स्वतःची वडी तिनं तोंडात घातली नव्हती. आज घातली. वडी तुटली नाही, वरची कवळी मात्र वडीला घट्ट धरून बाहेर आली. ती कवळी हातात घेऊन चाळणी पलंगावर बसली आणि तिला फार लाज वाटली. कुटणारीवर तिनं किती दिवस फेकल्याचा आळ घेतला होता, आणि ती रोज सकाळी आधी हिचीच वाटी भरत होती.

रविवारी तिनं पुन्हा ताट लावलं. ओव्हनपुढे स्टूल घेऊन बसली आणि कडा नुसत्या तांबूस झाल्या तेव्हा, हात मागे ओढत असतानाही, ताट बाहेर काढलं. सोळा वड्या कापल्या. उचलून पाहिल्या, तर सोळाच्या सोळा वाकत होत्या. इतका बाद माल तिनं उभ्या आयुष्यात एका जागी पाहिला नव्हता. डोळे मिटून तिनं तो डब्यात भरला.

सोमवारी न्हाणीघरात तिनं कान दिला. धप धप झालं नाही. दुपारी चारला घरात कुणी नसताना तिनं डबा उघडला. नात शाळेतून येऊन खेळायला गेली होती. सवयीनं तिनं मोजलं. मग पुन्हा मोजलं, कारण हिशेबच लागेना. नऊ वड्या होत्या आणि दहावी अर्धी, कुणीतरी चावून परत ठेवलेली. तिनं ती उजेडात धरली. दातांच्या ओळीत मधोमध एक फट होती, नातीचा दात पडला होता तिथलीच.

एकतीस वर्षांत उष्टा नग तिच्या हाती कधी आला नव्हता. कशात टाकायचा, तिला कळेना. मग तिनं तो तोंडात घातला, उशीखालची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि घरमालकिणीला फोन लावला.

"खोली द्या तुमच्या भाचीला," ती भरल्या तोंडानं म्हणाली.